खेळवणं आणि खेळणं : कमी पैशात लेकरांबरोबरची संध्याकाळ

(वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

पुढे लेकरं बसली आहेत, ती थोड्या वेळात कंटाळून उठतील. उठू द्या, कोणी दटावू नका. विषय त्यांचा असला तरी ऐकायचं तुम्हाला आहे.

विषय साधा आहे. मुलांबरोबर घरच्यांनी मजेत वेळ कसा घालवावा, आणि तोही फार पैसे न मोडता. तुम्ही म्हणाल, यासाठी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कशाला? बरोबर आहे. पण आयुष्यभर शब्दांचा कीस काढायची सवय लागली आहे, म्हणून सुरुवात शब्दापासून करतो.

मराठीत ‘खेळणं’ हा एकच शब्द दोन ठिकाणी येतो. बाजारातून आणतो ती वस्तू म्हणजे खेळणं, आणि अंगणात करतो ती क्रियाही खेळणंच. आपण काय केलं, तर वस्तू आणली आणि क्रिया लेकरावर सोपवली. वाढदिवसाला रिमोटची गाडी आली, दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी सेल संपले, चौथ्या दिवशी गाडी माळ्यावर. आणि बाप म्हणतो, एवढे पैसे घातले, पोरगा खेळतच नाही. अहो, त्याला गाडी हवी होती हे खरंच, पण गाडीच्या दुसऱ्या टोकाला बसणारं माणूसही हवं होतं.

दुसरा शब्द बघा : ‘खेळवणं’. बाळाला खेळवतात, पाहुण्यांच्या पोरांना खेळवतात. खेळवणारा स्वतः खेळत नसतो, तो कामावर असतो. एक डोळा घड्याळाकडे. मुलांना हा फरक फार लवकर कळतो. तीन वर्षांच्या लेकरालाही कळतं, की आजी खरंच लपली आहे की भाजी निवडता निवडता ‘सापडले बाई’ म्हणते आहे. मी आज जे सांगणार आहे ते खेळवण्याचं नाही, खेळण्याचं आहे. म्हणून मी असेच खेळ निवडलेत ज्यांत मोठ्या माणसालाही पुढे काय होईल हे ठाऊक नसतं.

पहिला खेळ तुमच्याच घरातला. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते, पलीकडे खान्देशात तिला गुलाबाई म्हणतात. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. झाकलेला डबा. आई तो हलवून दाखवते, मुली आवाज ऐकून सांगतात, फुटाणे! शेंगदाणे! लाडू! ओळखला की मगच वाटायचा. आता हा खेळ वर्षातून एक महिना, आणि तोही फक्त मुलींनीच का खेळावा? कुठल्याही संध्याकाळी, पोरगा-पोरगी, आजोबा, सगळ्यांनी खेळण्यासारखा आहे. स्टीलचा डबा प्रत्येक घरात आहे.

मला हा खेळ इतका का आवडतो ते सांगतो. आमच्या न्यायदर्शनात ज्ञान मिळण्याचे चार मार्ग मानले आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कॉलेजात हे शिकवताना पोरं जांभया देत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे तेच ते उदाहरण दोन हजार वर्षं चालत आलेलं. आणि इथे आपल्या गावातल्या सात-आठ वर्षांच्या पोरी चारही प्रमाणं एका डब्यात वापरतात! डबा हलवला, खडखड वाजलं, म्हणजे आत कोरडं आणि कडक काहीतरी आहे : हे अनुमान. परवा काकूंच्या डब्याचा असाच आवाज आला होता, तसंच हे वाटतं : हे उपमानाच्या जवळचं. आईनं सांगितलं, गोड आहे : हे शब्दप्रमाण, आणि आई विश्वासू आहे का हाही प्रश्न त्यातच आला. शेवटी झाकण उघडलं : प्रत्यक्ष. मजा कुठे येते, तर डबा हलवला आणि काहीच वाजलं नाही तेव्हा. पोरं ओरडतात, रिकामा आहे, रिकामा आहे! आणि आत शिरा निघतो. आवाज नाही म्हणून वस्तू नाही, हे अनुमान चुकलं. न्यायवाले याला हेत्वाभास म्हणतात. तुम्ही शिरा म्हणा, बिघडत नाही.

घरी खेळताना मी एक नियम वाढवतो. डबा तीनदा हलवायचा, मग पाच प्रश्न, आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. गोड आहे का? तळलेलं आहे का? आपल्या शेतातलं आहे का? प्रश्न असा विचारायचा की निम्मे पदार्थ एका फटक्यात बाद झाले पाहिजेत. असे पाच प्रश्न नीट विचारले तर 32 पदार्थांतून एक ओळखता येतो, कारण 32 चे निम्मे 16, मग 8, 4, 2 आणि 1. हे मुलांना आधी सांगू नका. ती पहिल्या दिवशी ‘लाडू आहे का, चिवडा आहे का’ असं एकेक विचारून प्रश्न संपवतील. पाच-सहा दिवसांनी त्यांतलं एक लेकरू आपोआप निम्मे करायला लागेल. तो क्षण तुम्हाला दिसला पाहिजे, आणि त्यासाठी तुम्ही तिथे बसलेले पाहिजेत. डब्यात काय ठेवायचं ही जबाबदारी कधी मुलांना द्या. मुलं आईसाठी डबा भरतात तेव्हा आत खडू असतो, चाव्या असतात, एकदा तर बेडूक असतो!

आता शेतातल्या गोष्टीकडे येऊ. ज्वारीचा पेरा आपल्याकडे कमी झाला, सोयाबीन आणि कपाशीनं जागा घेतली, मका आला. तरी कोणाच्या तरी गोठ्यात कडबा असतोच. त्या धांड्याची बैलगाडी करणारी माणसं इथे समोर बसलेली आहेत, मला चेहरे बघून कळतं. वाळलेला धांडा घ्यायचा, वरची साल लांब पट्ट्यांनी सोलायची. आतला गाभा मऊ, पांढरा, हलका. सालीचे टोकदार तुकडे म्हणजे खिळे, गाभ्याचे तुकडे म्हणजे लाकूड. सालीचा खिळा गाभ्यात टोचला की जोड झाला. ना डिंक, ना दोरा. चाकाला सोड्याच्या बाटलीचं बूच, नाहीतर गाभ्याच्याच चकत्या. फक्त एक गोष्ट सांभाळा, ती साल पात्यासारखी कापते, म्हणून लहानांसाठी सोलण्याचं काम मोठ्यांनी करावं. आजोबांना हे काम द्या. ज्या आजोबांना घरात कोणी काही विचारत नाही, त्यांच्या हातात धांडा दिला की घरातली सगळी पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात, हे मी पाहिलं आहे.

गाडीचा सांगाडा चौकोनी केला तर तो डुलतो, तिरपा होतो. त्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात एक आडवी काडी लावली की घट्ट होतो, कारण आता दोन त्रिकोण झाले, आणि त्रिकोण आकार बदलत नाही. आपल्या टिनाच्या छपराखालच्या कैचीत हेच आहे. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. सत्तरच्या दशकात ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं, मनोरे असं सगळं मुलांच्या हातात दिलं. पुढे पुण्यात आयुकामध्ये त्यांनी मुलांचं विज्ञान केंद्र चालवलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर फुकट आहेत. मोबाईल घरात आहेच तर त्याचा हा एक उपयोग.

स्वस्त साहित्य म्हणजे गरिबांसाठीची तडजोड, असं समजू नका. तो गैरसमज जुना आहे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून भावनगरला 1920 साली बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी बाईंची साधनं उत्तम, पण महाग. मग यांनी काय केलं? शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या घेतल्या. मोजायला, लावायला, रंग ओळखायला याहून वेगळं काय लागतं? मुलं शाळेत येईनात तर या बाया पाड्यावर, मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आज गावोगावच्या अंगणवाडीमागे जो विचार आहे, त्याची एक मोठी मुळी तिथे आहे. म्हणजे बी-काडी-खडा हे आपल्या शिक्षणाच्या इतिहासातलं मानाचं साहित्य आहे.

तिसरा खेळ पटाचा. कोणी चल्लस-आठ म्हणतं, कोणी अष्टचंगा, कोणी चौकाबारा. फरशीवर खडूनं पाच बाय पाचची 25 घरं आखायची. चार बाजूंच्या मधल्या चार घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली, तिथे सोंगटी मरत नाही. बाहेरची 16 घरं फिरून आतल्या 8 घरांत शिरायचं, आणि शेवटी मधोमध. सोंगट्या म्हणून एकाची सरकी, एकाचे तुरीचे दाणे, एकाच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे, एकाचे खडे. आणि दान टाकायला चार चिंचोके, दगडावर घासून एक बाजू पांढरी केलेले. पांढऱ्या जितक्या वर, तितकं दान. चारही पांढरे तर चार, एकही पांढरा नाही तर आठ, आणि या दोन्हींना पुन्हा एक डाव.

आता गंमत. चार चिंचोके नाण्यासारखे सारखे पडतात असं धरलं, तर 16 प्रकारे पडू शकतात. त्यांत दोनचं दान सहा प्रकारे येतं, एक आणि तीन प्रत्येकी चार प्रकारे, आणि चार नि आठ फक्त एकेका प्रकारे. म्हणूनच चार-आठ पडल्यावर आरडाओरडा होतो. पण चिंचोका काही टांकसाळीत घडलेला नसतो. एका अंगाला फुगीर, एका अंगाला चपटा. तो एका बाजूवर जास्त पडेल. किती जास्त? पुस्तकात सापडणार नाही, तुमच्याच चिंचोक्याला विचारावं लागेल. शंभर वेळा टाका आणि भिंतीवर रेघा ओढा. सातवी-आठवीच्या मुलाला हे काम द्या, तो अर्धा तास हलणार नाही.

या खेळाचा मला वाटणारा मोठा गुण वेगळाच आहे. पालक नेहमी विचारतात, मुलाबरोबर खेळताना मुद्दाम हरावं का? बुद्धिबळात सहा वर्षांच्या पोराशी तुम्ही खरं खेळलात तर ते रोज हरेल, आणि खोटं हरलात तर ते एक दिवस ओळखेल, आणि मग तुमच्या ‘शाबास’वरही त्याचा विश्वास राहणार नाही. चिंचोक्याच्या खेळात नशीब सगळ्यांना एका पातळीवर आणतं. सहा वर्षांची नात सत्तर वर्षांच्या आजोबाला प्रामाणिकपणे हरवू शकते, आणि आजोबा खराखुरा चिडू शकतो. घरात लहान-मोठं बरोबरीनं बसायच्या अशा जागा फार कमी असतात.

इथे थोडं तत्त्वज्ञान सहन करा. योहान हुइझिंगा नावाच्या डच इतिहासकारानं 1938 मध्ये खेळावर एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की खेळाची स्वतःची जागा असते, स्वतःची वेळ असते, आणि तो रोजच्या व्यवहाराच्या बाहेर असतो, त्यातून बाहेरचं काही कमवायचं नसतं. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांत प्रश्न येतो की परिपूर्ण ब्रह्माला जग निर्माण करायची गरजच काय? उत्तर येतं, लीला. शंकराचार्य समजावताना म्हणतात, सगळं मिळालेला राजा जसा काही गरज नसताना क्रीडा करतो, किंवा श्वास जसा सहज चालतो, तसं ते. वेदान्ताचा बाकी वाद इथे नको. पण एवढ्या गंभीर प्रश्नाला उत्तर देताना आपल्या पूर्वजांना ‘खेळ’ हा शब्द हलका वाटला नाही, याची नोंद घ्या.

हे सांगायचं कारण असं, की आजचा पालक खेळालाही कामाला लावतो. पट मांडला की म्हणतो, बघ, यातून गणित पक्कं होतं. मीही आत्ता तुम्हाला गणित सांगितलं, पण ते तुम्हाला, मुलाला नाही. मुलासमोर ते बोललात की खेळ संपला आणि शिकवणी सुरू झाली. मधेच ‘सातचा पाढा म्हण’ असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसाला मी तरी पटावरून उठवतो.

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली, ती वाचतो. “आम्ही दोघंही मजुरीला जातो. कापूस वेचायच्या दिवसांत घरी येईपर्यंत अंधार पडतो, मग स्वयंपाक. खेळायला वेळ कुठून आणायचा?” ताई, हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याला संध्याकाळ मोकळी मिळते त्यानं व्याख्यान द्यायचं आणि जिची पाठ मोडली आहे तिनं ऐकायचं, हे मला शोभत नाही. वेचणीचा भाव किलोवर असतो, तिथे एक तास म्हणजे पैसे. तुमच्याकडे वेगळा वेळ नाही हे मान्य. म्हणून मी असं म्हणेन, खेळ कामात घाला. डब्याचा खेळ चुलीजवळ बसून होतो, हात कणकेत असले तरी तोंड मोकळं असतं. हिवाळ्यात आपल्याकडे पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून भरीत करतात. तेव्हा लेकराला ‘लांब हो’ म्हणण्याऐवजी त्याच्याकडे एक खरं काम द्या : थंड झालेल्या वांग्याची साल काढणं, मिरची-लसूण कुटणं. जाळाजवळचं काम तुमचं, पाटावरचं त्याचं. आणि त्या दिवशीचं भरीत त्याच्या नावानं वाढा. यात तुमचा एक मिनिटही जादा जात नाही, उलट सुरुवातीला काम थोडं बिघडेल एवढंच. आणखी एक गोष्ट, ही चिठ्ठी ताईंनी लिहिली. त्या घरातले भाऊ इथे असतील तर त्यांनीही ऐकावं. पारावरचा अर्धा तास घरात आणता येतो.

रस्त्याचा खेळ थोडक्यात सांगतो. गावाजवळून जाणारा महामार्ग, जुना सहा नंबर, आताचा 53, गुजरातेत हजीऱ्यापासून ओडिशात पारादीपपर्यंत जातो. सुरक्षित अंतरावर, ओट्यावर बसा आणि ट्रकच्या पाट्या वाचा. एमएच 28 आपला बुलढाणा, 19 जळगाव, 30 अकोला, 27 अमरावती. जीजे गुजरात, सीजी छत्तीसगड, ओडी ओडिशा. रात्री नकाशा उघडून त्या गाड्यांची गावं शोधा. रस्त्याच्या कडेला जाऊन मात्र हा खेळ नको.

शेवटचा भाग आकाशाचा, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याला काहीच लागत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात निजता ना? संध्याकाळ उलटल्यावर उत्तरेला सप्तर्षी दिसतात. आपल्या म्हाताऱ्या त्याला खाटलं म्हणत, चार ताऱ्यांचे चार पाय आणि मागचे तीन चोर. खाटल्याच्या पुढच्या दोन ताऱ्यांतून रेघ पुढे न्या, ध्रुव सापडतो. आता हात सरळ लांब करा आणि मूठ वळा. लांब धरलेली मूठ आकाशात साधारण 10 अंश झाकते. मुलाचा हात लहान तशी मूठही लहान, म्हणून हिशोब त्यालाही जवळपास लागू पडतो. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा. ध्रुव दोन मुठींच्या किंचित वर येईल, म्हणजे सुमारे 21 अंश. आपल्या गावाचा अक्षांशही तेवढाच आहे. हा योगायोग नाही. कन्याकुमारीला ध्रुव एका मुठीपेक्षाही खाली असतो, श्रीनगरला साडेतीन मुठींच्या जवळ. तुमच्या पोरानं हातानं मोजून पृथ्वीवरची आपली जागा काढली, खर्च शून्य.

आणि दिवसा सावली. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. आपल्या भागात ते 24-25 मेच्या सुमारास, आणि पुन्हा 18-19 जुलैच्या सुमारास. वेळ घड्याळातल्या बाराची नाही, मेमध्ये बारा वीस-बावीसची, जुलैत साडेबाराच्या आसपास. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मेच बरा. ओळंब्यानं सरळ केलेला पाइपाचा तुकडा किंवा उभा पेला अंगणात ठेवा. टोपी घाला, पाणी प्या, दहा मिनिटं पुरेत, ऊन तुम्हाला मी सांगायला नको. इजिप्तमधल्या सायीन गावी विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं त्याच वेळी अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते, एवढ्यावरून एराटोस्थेनिसनं बावीसशे वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर काढला होता. आणि ही गोष्ट दिल्लीतल्या मुलाला, कितीही महागड्या शाळेत असला तरी, त्याच्या गावी कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. वडनेरच्या पोराला फुकट दिसते.

वेळ झाली, तरी मागून एक प्रश्न आला आहे तो घेतो. “पोरगा हरला की पट उधळून देतो, रडतो. काय करावं?” उधळू द्या. त्याच वेळी समजूत घालायला जाऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी ‘कालच्यासारखं करणार असशील तर खेळायचं नाही’ असंही म्हणू नका. संध्याकाळी तुम्ही स्वतः खडू घेऊन पट आखायला बसा, त्याला न बोलावता. आजीला बोलवा, दान टाका. तो दारातून बघेल, मग जवळ येईल, मग म्हणेल, सरकी माझी. त्याला सरकी द्या.